ऑटोस्केलिंग चालू असूनही नोंदणी उघडताच सगळं कोसळतं: मांडणीत काय बदलावं?

कळफलक (प्रश्न)

ठरलेल्या वेळी नोंदणी उघडणारी एक वेब प्रणाली आहे. एरवी सेकंदाला ६०-७० रिक्वेस्ट येतात. नोंदणी उघडली की दोन मिनिटांत आकडा ९०० वर जातो. मांडणी एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड), एकाच रीजनमध्ये, म्हणजे एकाच भौगोलिक विभागात. रिक्वेस्ट वाटून देणारा लोड बॅलन्सर दोन झोनमध्ये (रीजनमधल्या वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये) पसरलेला आहे, पण त्याच्या मागचं सगळं एकाच झोनमध्ये.

ऑटोस्केलिंग गटात (भारानुसार आपोआप सर्व्हर वाढवणारी सोय) किमान ४, कमाल १२ इन्स्टन्स, म्हणजे आभासी सर्व्हर. सीपीयू ७० टक्क्यांवर गेला की वाढ. प्रत्येक इन्स्टन्सवर नोडचे (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) ४ वर्कर, दर वर्करला डेटाबेसच्या २० कनेक्शनचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शन). डेटाबेस आरडीएसवरचा (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा) पोस्टग्रेस: ८ व्हीसीपीयू, मॅक्स कनेक्शन ५००, २०० जीबीची जीपी२ डिस्क, स्टँडबाय (तयार ठेवलेली दुसरी प्रत) नाही. एक रेडिस (मेमरीतला वेगवान साठा), त्यातच सेशन (लॉगिनची माहिती) आणि त्यातच कॅशे (तयार उत्तरांची तात्पुरती प्रत). हेल्थ चेकचा पत्ता (इन्स्टन्स ठीक आहे का हे विचारण्याचा) डेटाबेसवर 'सिलेक्ट १' चालवतो आणि रेडिसला पिंग करतो. दर १० सेकंदांनी तपासणी, ५ सेकंदांचा टाइमआउट, सलग दोनदा नापास झाला की इन्स्टन्स बाद.

नोंदणी उघडल्यावर क्रम नेहमी सारखाच असतो. पहिली चार-पाच मिनिटं पानं संथ. मग डेटाबेसकडून 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'. मग ५०२ आणि ५०३ (सर्व्हर नीट उत्तर देत नाही) या चुकांचा पाऊस, इन्स्टन्स एकामागून एक 'अनहेल्दी' होऊन बदलले जातात. डेटाबेसचा सीपीयू १०० टक्के, अ‍ॅपचा जेमतेम ३०. पंचवीसेक मिनिटांनी आपोआप निवळतं.

उद्दिष्ट: महिन्याला ९९.९ टक्के उपलब्धता, डेटा गेलाच तर जास्तीत जास्त ५ मिनिटांचा, आणि ३० मिनिटांच्या आत पुन्हा चालू. टेबलावर दोन प्रस्ताव आहेत: सगळं कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली) नेणं आणि दुसऱ्या रीजनमध्ये दुसरी प्रत उभी करणं. यातलं आधी काय करावं, की तिसरंच काही?

---

उत्तररात्र

तिसरंच. आधी गुणाकार करून बघा. ४ इन्स्टन्स × ४ वर्कर × २० = ३२० कनेक्शन. ५०० मध्ये बसतात म्हणून एरवी काही जाणवत नाही. सहा इन्स्टन्सला ४८०, सातव्याला ५६०. म्हणजे सातवा इन्स्टन्स उभा राहिला तिथेच डेटाबेसचं दार बंद झालं. बारापर्यंत गेलात तर मागणी ९६० ची. ऑटोस्केलिंगने गर्दी उचलून डेटाबेसच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली.

यावर मॅक्स कनेक्शन १५०० करण्याचा मोह होतो. करू नका. पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस लागते. ८ कोअरवर एका वेळी साधारण १६ ते २० क्वेरीच नीट चालतात. बाकीच्या फक्त मेमरी अडवतात, एकमेकींच्या लॉकमध्ये अडकतात आणि कोअरवरून आत-बाहेर करत राहतात. रांग कुठेतरी लागणारच. ती डेटाबेसच्या आत लागण्यापेक्षा बाहेर लागलेली बरी.

त्यासाठी अ‍ॅप आणि डेटाबेसच्या मधे पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा) बसवा, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये: एक ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट) संपलं की कनेक्शन दुसऱ्याला मिळतं. मूळ सेटिंगवर विसंबू नका, तिथेच बहुतेकांचे पाय अडकतात. पूल मोड मुळात 'सेशन' असतो, तो बदलावा लागतो. मॅक्स क्लायंट कॉन (एका वेळी किती क्लायंट जोडता येतील) मुळात फक्त १०० असतं, ते २००० करा. क्वेरी वेट टाइमआउट १२० सेकंद असतो. दोन मिनिटं रांगेत उभा असलेला वापरकर्ता केव्हाच पान रिफ्रेश करून दुसऱ्यांदा रांगेत आलेला असतो, म्हणून तो ३ ते ५ सेकंदांवर आणा. डेटाबेसकडे जाणारी एकूण कनेक्शन ३० ते ४० पुरेत.

ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनला चिकटलेल्या गोष्टी चालत नाहीत: सेशन पातळीचे अ‍ॅडव्हायझरी लॉक, लिसन, ट्रान्झॅक्शनबाहेरचं सेट. नाव दिलेली प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरी) पीजीबाउन्सर १.२१ पासून चालतात, पण मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स हे सेटिंग शून्यावर नाही ना ते बघा.

आणि एक सापळा. पीजीबाउन्सर प्रत्येक अ‍ॅप इन्स्टन्सवर बसवलात आणि प्रत्येकात ३० चा पूल ठेवलात तर १२ × ३० = ३६०, म्हणजे पुन्हा तोच गुणाकार. एक तर दर इन्स्टन्सला ३ ठेवा, नाहीतर दोन वेगळ्या झोनमध्ये दोन स्वतंत्र पीजीबाउन्सर, प्रत्येकी २०. एकच ठेवलात तर तोच नवा कच्चा दुवा.

आता हेल्थ चेक. तुमच्या पंचवीस मिनिटांचं खरं कारण मला तिथे दिसतं. डेटाबेस भरला की 'सिलेक्ट १' ला कनेक्शन मिळत नाही. ५ सेकंदांत उत्तर नाही, दोनदा नापास, वीसेक सेकंदांत सगळे इन्स्टन्स एकदम आजारी. खरं तर सगळेच टार्गेट अनहेल्दी झाले की हा लोड बॅलन्सर सगळ्यांकडे ट्रॅफिक पाठवत राहतो, तेवढं सांभाळून घेतो. पण ऑटोस्केलिंग गट लोड बॅलन्सरचा निकाल मानत असेल तर तो धडधाकट इन्स्टन्स मारतो आणि नवे उभे करतो. नवा इन्स्टन्स चढताच पूल भरायला ८० कनेक्शन मागतो. डेटाबेस आणखी भरतो, हेल्थ चेक आणखी नापास होतो. हे चक्र गर्दी ओसरल्याशिवाय थांबत नाही.

म्हणून दोन पत्ते वेगळे करा. लोड बॅलन्सर आणि ऑटोस्केलिंग ज्याला विचारतात त्याने फक्त 'ही प्रोसेस उत्तर देते का' एवढंच सांगावं, डेटाबेसला हात लावू नये. डेटाबेस आणि रेडिसची खोल तपासणी दुसऱ्या पत्त्यावर, फक्त मॉनिटरिंगसाठी. सगळ्यांची सामाईक गोष्ट बिघडली असताना इन्स्टन्स बदलून काहीच साधत नाही.

५०२ पैकी काही मात्र गर्दीमुळे येत नसतील. नोडचा कीप-अलाइव्ह टाइमआउट (रिकामं कनेक्शन उघडं ठेवण्याचा वेळ) मुळात ५ सेकंद आहे, लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट ६० सेकंद. लोड बॅलन्सर जुनं कनेक्शन जिवंत समजून त्यावर रिक्वेस्ट टाकतो, त्याच क्षणी नोडने ते बंद केलेलं असतं. नोडचा ६५ सेकंद करा. तेवढ्याने हे ५०२ जातात.

---

पाणलोट

वरच्या सगळ्याशी सहमत, पण एक प्रश्न राहतो. डेटाबेसचा सीपीयू १०० टक्के आणि ट्रॅफिक ९००: या ९०० मधलं काय वाचन आहे आणि काय लेखन? आणि जागा धरण्याच्या ट्रान्झॅक्शनमध्ये नेमकं काय काय घडतं? 'बिगिन' (सुरुवात) पासून 'कमिट' (पक्कं करणं) पर्यंतच्या पायऱ्या क्रमाने लिहा. पूल कितीही नीट केला तरी तक्त्यातल्या एका ओळीवरच्या लॉकची रांग तशीच राहते.

---

कळफलक

साधारण ७० टक्के रिक्वेस्ट यादी आणि तपशील पानांच्या. राहिलेल्या २७० मध्ये लॉगिन आणि नोंदणी.

नोंदणीचं ट्रान्झॅक्शन: बिगिन, ज्या सत्रासाठी नोंदणी चालू आहे त्याच्या ओळीवर 'शिल्लक जागा वजा एक', पेमेंट गेटवेला कॉल (सरासरी ८०० मिलिसेकंद), यशस्वी झाला तर नोंदणीच्या तक्त्यात इन्सर्ट, कमिट. नाहीतर रोलबॅक. ब्राउझरमध्ये अपयशावर ३ प्रयत्न आहेत, एपीआयमध्ये ३, आणि डेटाबेस लायब्ररीच्या वरच्या आवरणातही ३.

---

पाणलोट

मग गाठ इथे आहे. 'शिल्लक वजा एक' चालताच त्या ओळीवर लॉक लागतो आणि कमिटपर्यंत सुटत नाही. मधे ८०० मिलिसेकंदांचा बाहेरचा कॉल. म्हणजे एका सत्राच्या नोंदण्या सेकंदाला सव्वापेक्षा जास्त होऊच शकत नाहीत. सर्व्हर चार ठेवा की चारशे, सव्वाच. बाकीची सगळी ट्रान्झॅक्शन एकेक कनेक्शन अडवून त्या एका ओळीसमोर उभी राहतात. गेटवे एखाद्या दिवशी ३ सेकंद घेऊ लागला तर पूल काही क्षणांत संपतो, आणि ज्यांना फक्त यादी बघायची आहे तेही अडकतात.

बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या आत कधीच ठेवू नका. तीन तुकडे करा. पहिल्यात जागा १० मिनिटांसाठी राखून ठेवा आणि लगेच कमिट. नंतर, कोणताही लॉक हातात नसताना, पेमेंट. तिसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये राखीव जागा पक्की करा. मुदत उलटलेल्या राखीव जागा दर मिनिटाला मोकळ्या करणारं एक काम लागेल. शेवटच्या तुकड्यात राखीवपणा अजून जिवंत आहे ना हे अटीत तपासा. पैसे आले पण मुदत गेली ही परिस्थिती येणारच, तिच्यासाठी परताव्याची वाट आधीच बांधलेली असावी.

एवढ्याने लॉकचा वेळ साधारण ५ मिलिसेकंदांवर येतो, म्हणजे एका ओळीवर सेकंदाला २०० च्या आसपास. तेही कमी पडलं तर मोजणीची एक ओळ ठेवूच नका: दर जागेची एक ओळ आधीच तयार ठेवा आणि 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड, लिमिट १' ने मोकळी जागा उचला. हे पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. दुसऱ्याने धरलेल्या ओळीवर थांबण्याऐवजी क्वेरी पुढची ओळ घेते, त्यामुळे रांगच लागत नाही.

रिट्राय: ३ × ३ × ३ = २७. डेटाबेस गुदमरला असताना एका माणसाच्या एका क्लिकवर २७ प्रयत्न. रिट्राय एकाच थरात ठेवा, शक्यतो सगळ्यात बाहेरच्या. दोन प्रयत्नांमधलं अंतर दर वेळी दुप्पट करा आणि त्यात यादृच्छिक भाग मिसळा, नाहीतर सगळे एकाच ठोक्याला परत येतात. शिवाय एकूण ट्रॅफिकच्या १० टक्क्यांहून जास्त रिट्राय होऊ लागले तर थांबवणारी मर्यादा घाला. आणि नोंदणीच्या रिक्वेस्टला ब्राउझरने तयार केलेली आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तर ओळखणारी खूण) द्या, तिच्यावर डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स. गेटवेलाही तीच की पाठवा. ती नसताना टाइमआउटनंतरचा रिट्राय म्हणजे एखाद्याचे पैसे दोनदा कापणं. यात तडजोड नको.

टाइमआउटची उतरंड आतून बाहेर वाढती हवी. स्टेटमेंट टाइमआउट ३ सेकंद, पूलमधून कनेक्शन मिळण्याची वाट १ सेकंद, अख्ख्या रिक्वेस्टला ८ सेकंद. नोडच्या पोस्टग्रेस लायब्ररीत पूलची वाट मुळात शून्य असते, आणि इथे शून्याचा अर्थ 'कितीही वेळ थांब' असा आहे. तो आकडा आजच भरा.

पुष्टीचा ईमेल, पावतीची पीडीएफ वगैरे क्यूमध्ये (मागून करायच्या कामांच्या रांगेत) टाका. एसक्यूएसमध्ये (एडब्ल्यूएसची क्यू सेवा) व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला संदेश इतर वर्करपासून लपून राहण्याचा वेळ) मुळात ३० सेकंद असतो. काम ४० सेकंद चाललं तर तोच संदेश दुसरा वर्कर उचलतो आणि दोन ईमेल जातात. कामाच्या सर्वात लांब वेळेच्या काही पट ठेवा. पाच वेळा फसलेला संदेश डेड लेटर क्यूमध्ये, आणि त्या क्यूची लांबी शून्याच्या वर गेली की अलर्ट.

७० टक्के वाचनाबद्दल: यादीची पानं ३० सेकंद कॅशे केली तरी डेटाबेसवर २७० च्या आसपासच उरतात. फक्त मुदत कॅशेतल्या सगळ्या नोंदींची एकदम संपू देऊ नका; ३० मध्ये उणे-अधिक ५ मिसळा, आणि एका नोंदीसाठी एका वेळी एकच रिक्वेस्ट डेटाबेसकडे जाईल अशी सोय करा. नाहीतर मुदत संपली त्या क्षणी शेकडो रिक्वेस्ट तीच क्वेरी चालवतात. सेशन आणि कॅशे एका रेडिसमध्ये नको. मेमरी भरल्यावर जुनं काढणारं धोरण लावलं तर लोक लॉगआउट होतात. मूळचं 'नो इव्हिक्शन' ठेवलं तर लिहिणंच थांबतं. दोघांना दोन वेगळी रेडिस द्या.

---

लंबक

झोनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं. नोंदणीच्या एका सकाळीच २५ गेली. लोड बॅलन्सर, अ‍ॅप, डेटाबेस, रेडिस, गेटवे असे पाच दुवे एकामागे एक आणि प्रत्येक ९९.९५ चा धरला तर गुणाकार ९९.७५ येतो, म्हणजे महिन्याला १०८ मिनिटं. म्हणून दुवे कमी करा किंवा एखादा तुटला तरी चालेल असं करा. रेडिस कॅशे पडली तर थेट डेटाबेसवर सगळं सोडण्याऐवजी जुनी यादी दाखवा. गेटवे पडला तर जागा राखून ठेवा आणि पैसे नंतर घ्या.

झोन तीन घ्या. एका इन्स्टन्सवर भार वाढवत नेऊन पी९९ (१०० पैकी ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेत पूर्ण होतात तो वेळ) बिघडायला लागतो तो आकडा मोजा. समजा सेकंदाला १५० मिळाला. ९०० ला ६ इन्स्टन्स लागतात. दोन झोन असतील तर एक गेल्यावर उरलेल्यात ६ हवेत, म्हणजे एकूण १२. तीन झोन असतील तर उरलेल्या दोघांत मिळून ६, म्हणजे दर झोनला ३, एकूण ९. तीच हमी तीन इन्स्टन्स कमी ठेवून मिळते.

हे ९ नोंदणीच्या आधीच उभे असावेत. झोन पडल्यावर नवे मागू असा हिशेब धरू नका, कारण त्या क्षणी सगळेच मागत असतात आणि इन्स्टन्स देणारी यंत्रणाच अडचणीत असू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एडब्ल्यूएसच्या नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्ये डायनॅमोडीबीच्या (एडब्ल्यूएसचा एक डेटाबेस) डीएनएसचा (नावावरून पत्ता देणारी यंत्रणा) घोळ झाला तेव्हा मूळ दोष दुरुस्त झाल्यावरही नवे इन्स्टन्स सुरू होण्यात बराच काळ अडथळे होते. ज्यांचे आधीच चालू होते त्यांना ती बाजू सोसावी लागली नाही.

सीपीयू बघून वाढणारं ऑटोस्केलिंग दोन मिनिटांत चौदा पट झालेल्या गर्दीला पुरत नाही. मिनिटाच्या मोजणीचे काही ठिपके जमणार, मग अलार्म, मग इन्स्टन्स सुरू होणार, मग अ‍ॅप गरम होणार. पाच-सात मिनिटं सहज जातात. तुमची पहिली 'चार-पाच मिनिटं संथ' ती हीच. वेळ ठरलेली आहे तर ३० मिनिटं आधी वेळापत्रकाने वाढवा. शिवाय अ‍ॅप डेटाबेसची वाट बघत असताना त्याचा सीपीयू खालीच राहतो, ते तुमच्या ३० टक्क्यांत दिसतंच आहे. एखाद्या आकड्यावर अवलंबून वाढवायचं असेल तर सीपीयूऐवजी दर इन्स्टन्समागच्या रिक्वेस्ट मोजा.

डेटाबेसला मल्टी-एझेड (दुसऱ्या झोनमधला) स्टँडबाय हवाच. फेलओव्हरला (स्टँडबायकडे वळायला) साधारण ६० ते १२० सेकंद लागतात. पण इथे एक गोष्ट जवळून बघा, कारण कागदावर दोन मिनिटं असलेला फेलओव्हर प्रत्यक्षात पंधरा मिनिटांचा होतो.

जुना डेटाबेस मेला की तो 'कनेक्शन बंद' असं सांगून जात नाही, नुसता गप्प होतो. अ‍ॅपने नुकतीच एक क्वेरी पाठवलेली असते. लिनक्स पोच न मिळाल्याने तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. टीसीपी रिट्राइज २ हे सेटिंग मुळात १५ असतं, आणि वाढत्या अंतराने पंधरा प्रयत्न म्हणजे सुमारे ९२४ सेकंद. तेवढा वेळ ते कनेक्शन कर्नलच्या दृष्टीने जिवंत. रिकाम्या कनेक्शनचं त्याहून वाईट: कीप-अलाइव्हची पहिली तपासणीच मुळात ७२०० सेकंदांनी. डीएनएस नव्या पत्त्याकडे केव्हाच वळलेलं असतं, पण पूलमधली जुनी कनेक्शन तिकडे बघतच नाहीत.

पीजीबाउन्सरमध्ये टीसीपी यूझर टाइमआउट १० सेकंद लावा (आकडा मिलिसेकंदांत भरायचा असतो, १००००), कीप-अलाइव्ह ३० सेकंदांवर आणा, आणि क्वेरी टाइमआउट स्टेटमेंट टाइमआउटच्या थोडा वर ठेवा. डेटाबेसने स्वतः लावलेला स्टेटमेंट टाइमआउट इथे कामाचा नाही, कारण तो लावणाराच गेलेला असतो. मग भार चालू असताना 'रीबूट विथ फेलओव्हर' करून घड्याळ लावून बघा.

आणखी दोन लपलेले कच्चे दुवे. नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारा) एकाच झोनमध्ये असेल तर तो झोन पडल्यावर बाकी झोनचं बाहेर जाणंही बंद, म्हणजे पेमेंट बंद. दर झोनला एक घ्या. दुसरं, सबनेटचे (नेटवर्कच्या एका तुकड्याचे) पत्ते: /२४ च्या सबनेटमध्ये २५६ पैकी ५ एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं, हाती २५१. आज पुरतात. कुबरनेटिसवर गेलात आणि दर पॉडला (कुबरनेटिसमधलं अ‍ॅप चालवणारं एकक) व्हीपीसीतला (तुमच्या खाजगी नेटवर्कमधला) पत्ता मिळू लागला की पहिल्याच मोठ्या वाढीला संपतात, आणि पॉड नुसते 'पेंडिंग' दिसतात.

---

धागादोरा

कुबरनेटिस आणि दुसरा रीजन, दोन्हींना माझं आत्ता 'नको' आहे. वेगवेगळ्या कारणांसाठी.

वर निघालेला एकही दोष कुबरनेटिसने जात नाही. लॉक तिथेही लॉकच, गुणाकार तिथेही गुणाकारच. उलट लाइव्हनेस प्रोबमध्ये (त्याच्या 'जिवंत आहे का' या तपासणीत) डेटाबेस तपासला की वरचं आजारी इन्स्टन्सचं चक्र आणखी वेगाने फिरतं. सेवा दहा-पंधरा झाल्या आणि टीम वेगवेगळ्या वेळी डिप्लॉय करू लागल्या की तेव्हा विचार करा. गेलात तर एवढं लक्षात ठेवा: पॉड बंद होताना त्याला सिगटर्म (बंद होण्याची सूचना) मिळणं आणि ट्रॅफिकच्या यादीतून तो निघणं ही दोन कामं बरोबरीने सुरू होतात. म्हणून प्री-स्टॉपमध्ये (बंद होण्याआधीच्या पायरीत) ५ ते १० सेकंद थांबा घाला, नाहीतर प्रत्येक डिप्लॉयला थोडे ५०२ येतील.

दुसऱ्या रीजनमधली प्रत मागून चालते, त्यामुळे ती थोडी मागे असते. शेवटची जागा कोणाला दिली हे दोन रीजननी वेगवेगळं ठरवलं तर सोडवणारं कोणी नाही. तुमचं उद्दिष्ट ९९.९ आणि ३० मिनिटांचं आहे. तीन झोन त्याला पुरतात. दुसऱ्या रीजनमध्ये, आणि वेगळ्या खात्यात, बॅकअप मात्र जायलाच हवा.

कारण स्टँडबाय म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून चालवलेलं 'डिलीट' स्टँडबायवर त्याच क्षणी पोचतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, आणि तेव्हा कळलं की ठरवलेल्या बॅकअपपैकी बरेच नीट चालतच नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. मार्च २०२१ मध्ये ओव्हीएच या फ्रेंच क्लाउड कंपनीच्या स्ट्रासबर्गमधल्या इमारतीला आग लागली तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं.

आरडीएसचा पॉइंट-इन-टाइम रिस्टोर (बॅकअपमधून हव्या त्या क्षणाची स्थिती परत आणणं) तुमच्या ५ मिनिटांच्या अटीत साधारण बसतो. ठेवण्याची मुदत ३५ दिवसांपर्यंत वाढवता येते. अडचण ३० मिनिटांच्या अटीत आहे. रिस्टोर जुन्या डेटाबेसवर होत नाही, नवा इन्स्टन्स नव्या पत्त्यावर तयार होतो. त्याला पॅरामीटर ग्रुप आणि सिक्युरिटी ग्रुप बरोबर लागतात का, अ‍ॅपला नवा पत्ता कोण आणि कसा देणार, हे आधी लिहून ठेवा. शिवाय स्नॅपशॉटमधून आलेली डिस्क आळशी असते: ब्लॉक पहिल्यांदा वाचला जातो तेव्हा तो मागच्या साठ्यातून आणला जातो, म्हणून पहिल्या क्वेरी कमालीच्या संथ. डेटाबेस 'अ‍ॅव्हेलेबल' दिसतो आणि तरी नोंदणी चालत नाही. मोठे तक्ते आणि इंडेक्स एकदा पूर्ण वाचून घेण्याची वेळ त्या ३० मिनिटांत धरा. दर तीन महिन्यांनी एकदा खराखुरा रिस्टोर करा, अ‍ॅप त्यावर जोडा, एक नोंदणी पूर्ण करा, आणि लागलेली मिनिटं लिहा.

---

कळफलक

हेल्थ चेक, रिट्राय आणि ट्रान्झॅक्शनचे तुकडे आधी घेतो, मग पीजीबाउन्सर, मग झोन. भार चाचणी १५ मिनिटांची, ५०० आभासी वापरकर्त्यांची होते आणि ती नेहमी पास होते. ती का पकडत नाही?

---

उत्तररात्र

दोन कारणांनी.

एक, तुमचे ५०० वापरकर्ते उत्तर मिळेपर्यंत पुढची रिक्वेस्ट पाठवत नाहीत. सर्व्हर संथ झाला की चाचणीही आपोआप संथ होते. खरी माणसं तशी वागत नाहीत, ती येतच राहतात. के६ मध्ये (भार चाचणीचं साधन) रॅम्पिंग अरायव्हल रेट वापरा: सेकंदाला ७० वरून दोन मिनिटांत ९०० वर, उत्तर येवो न येवो. मग १२०० पर्यंत न्या आणि कुठे मोडतं ते बघा. मोडताना ५०३ आणि 'रिट्राय आफ्टर' देऊन मोडलं तर ठीक. सगळ्यांनाच ३० सेकंद लटकवून मोडलं तर रांगेची मर्यादा अजून लागलेली नाही.

दोन, डिस्क. जीपी२ ला दर जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला डिस्कवरची वाचन-लेखनाची कामं) मिळतात, तुमच्या २०० जीबीला ६००. वर ३००० पर्यंत उसळी मारता येते, पण ती ५४ लाख क्रेडिटच्या जोरावर. पूर्ण उसळीत दर सेकंदाला २४०० क्रेडिट जातात, म्हणजे २२५० सेकंद, साडेसदतीस मिनिटं. १५ मिनिटांच्या चाचणीला हे दिसणारच नाही. नोंदणी तासभर चालली तर अडतिसाव्या मिनिटाला डिस्क एकदम पाचव्या हिश्श्यावर येते. जीपी३ वर जा: ३००० आयओपीएस कायम, क्रेडिटची भानगड नाही. आणि चाचणी किमान ६० मिनिटांची करा. टी मालिकेचे इन्स्टन्स असतील तर सीपीयू क्रेडिटलाही हाच न्याय लागू.

चाचणी चालू असतानाच एक डिप्लॉय करा आणि एक मायग्रेशन (तक्त्यांच्या रचनेतला बदल) चालवा. 'ऑल्टर टेबल' लॉकची वाट बघत थांबलं की त्याच्या मागे साधी सिलेक्टसुद्धा रांगेत अडकतात, मूळ अडथळा एखादी विसरलेली लांब क्वेरी असली तरी. मायग्रेशनच्या आधी लॉक टाइमआउट २ सेकंद लावा; नाही मिळालं तर सोडून द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. इंडेक्स 'कॉन्करंटली' (लिहिणं न अडवता) बांधा. तो मधेच फसला तर अर्धवट 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो, पुढच्या वेळी आधी तो काढा.